जाडजूड पॅरानॉर्मल प्रेमकादंबरी वाचताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपूरच्या धरमपेठेत आमचा एक छोटा वाचनगट आहे. सहाशे-सातशे पानांच्या, व्हॅम्पायर-चेटकिणी-परीलोकवाल्या प्रेमकादंबऱ्या आम्ही मिळून वाचतो. नवीन माणूस आला की तेच प्रश्न येतात, आणि जुनी माणसंही तेच प्रश्न नव्याने विचारतात. म्हणून एकदाच लिहून ठेवलं. प्रश्न ज्या बोलीत आले त्याच बोलीत ठेवले आहेत.

1. पॅरानॉर्मल रोमान्स म्हणजे भुताची गोष्ट की प्रेमाची?

प्रेमाची. दोघांपैकी निदान एक जण साधा माणूस नसतो, एवढंच. तो व्हॅम्पायर असेल, पौर्णिमेला लांडगा होणारा असेल, ती चेटकीण असेल किंवा परीलोकातली सरदारकन्या. भयकथेत हडळ दिसली की माणूस पळतो. इथे तो तिला चहा विचारतो, आणि पुढची पाचशे पानं त्या चहाचे परिणाम निस्तरण्यात जातात.

दुकानात याच कप्प्यात अर्बन फँटसीही (आजच्या शहरात घडणारी जादूची गोष्ट) ठेवलेली असते. ओळखायचं कसं? गोष्टीतून प्रेमप्रकरण काढून टाकून बघा. कथानक तरीही उभं राहत असेल तर ती अर्बन फँटसी, कोसळत असेल तर रोमान्स. रोमान्स म्हटलं की शेवट समाधानाचा असणार हा वाचकाशी केलेला करारच असतो. तो न पाळणारी कादंबरी वाईट असेलच असं नाही, पण चुकीच्या कप्प्यात ठेवलेली नक्की आहे.

2. हे सगळं विलायती खूळ आहे ना? आपल्याकडे कुठे असं होतं?

खूळ म्हणा हवं तर, विलायती म्हणू नका. दमयंती आपल्या विदर्भाचीच राजकन्या. तिच्या स्वयंवराची गोष्ट महाभारताच्या वनपर्वात आहे. इंद्र, अग्नी, वरुण आणि यम नळाचं रूप घेऊन येतात, आणि तिच्यासमोर एकसारखे पाच नळ उभे राहतात. ती देवांनाच विनवते की तुमच्या खुणा दाखवा. मग नीट बघते. चौघांना घाम नाही, पापणी लवत नाही, गळ्यातली फुलं टवटवीत, पाय जमिनीला टेकलेले नाहीत, सावली पडत नाही. पाचव्याच्या अंगावर धूळ आहे, घाम आहे, फुलं कोमेजली आहेत. माळ त्या पाचव्याच्या गळ्यात पडते. चार अमरांना बाजूला सारून घामाघूम माणूस निवडणारी नायिका आजच्या कादंबरीतही सहज सापडत नाही.

दुसरं उदाहरण त्याहून जवळचं, पन्नासेक किलोमीटरवरचं. मेघदूतातला रामगिरी म्हणजे रामटेक, असं नागपूरच्या वा. वि. मिराशींनी मांडलं. तिथला यक्ष काही माणूस नव्हे. कामात कसूर केली म्हणून वर्षभराचा शाप, बायको दूर अलका नगरीत, आठ महिने सरलेले, चार उरलेले, आणि आषाढाच्या पहिल्या दिवशी डोंगराला टेकलेला ढग. माणूस नसलेला नायक, शाप, विरह, मुदत. या प्रकाराला लागतं ते सगळं त्यात आहे.

3. तुम्ही दर वेळी म्हणता, "आधी अट शोधा." म्हणजे नेमकं काय करायचं?

या पानावरचं एकच उत्तर वाचायचं असेल तर हे वाचा.

अशा प्रत्येक गोष्टीत दोन जगांमधला व्यवहार कुठल्यातरी अटीवर उभा असतो. शतपथ ब्राह्मणात उर्वशी पुरूरव्याकडे राहायला येते तेव्हा तिची एक अट असते, की तू मला विवस्त्र दिसता कामा नये. गंधर्वांना ती परत हवी असते. ते रात्री तिच्या पलंगाला बांधलेली कोकरं पळवतात. ती ओरडते, पुरूरवा अंगावर काही घ्यायचं भान न राहता धावतो, आणि नेमक्या त्याच वेळी गंधर्व वीज चमकवतात. ती बघते आणि नाहीशी होते. शंतनूला गंगेची अट होती की मी काहीही केलं तरी विचारायचं नाही. सात मुलं नदीत सोडताना तो गप्प राहिला, आठव्याला बोलला, आणि ती गेली.

आजची कादंबरी उघडल्यावर हेच शोधायचं. कोणाला काय करता येत नाही? ते केलं तर काय होईल? आणि किंमत कोण मोजणार? पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलने तीन ओळी लिहून ठेवा. लायब्ररीचं पुस्तक असेल तर चिठ्ठीवर, कृपा करून.

चांगल्या कादंबरीत अट पहिल्या पाव भागात कळते, मध्यावर ती मोडायची वेळ येते, आणि मोडल्यावर खरंच काहीतरी जातं. अमरत्व, घर, आवाज, आठवण, काहीही. वाईट कादंबरीत सहाशेव्या पानावर नायिकेच्या हातातून अचानक निळा प्रकाश निघतो आणि अट रद्द होते. असा प्रकाश दिसला की लेखकाकडे उत्तर नव्हतं असं खुशाल समजा. पुढचे बरेच प्रश्न (8, 9, 10 आणि 16) या अटीपाशीच येऊन थांबतात.

4. सातशे पानं! नोकरी-घर सांभाळून कधी व्हायची?

हिशोब करू. इंग्रजी पेपरबॅकच्या पानावर साधारण तीनशे शब्द धरले तर सातशे पानांचे दोन लाखांच्या वर जातात. मिनिटाला दोनशेच्या गतीने सतरा-अठरा तास. रोज अर्धा तास काढला तर महिना-सव्वा महिना. नवरात्रात सुरू केलं तर दिवाळीच्या फराळापर्यंत बऱ्यापैकी पुढे गेलेले असाल.

आमच्यातले जे खापरीकडून मेट्रोने बर्डीला (म्हणजे सीताबर्डीला) येतात त्यांचं वाचन सगळ्यात नियमित होतं, कारण ती वेळ आपोआप बाजूला पडलेली असते. घरी "निवांत बसून वाचू" म्हणणाऱ्यांची खूण तीन आठवडे एकाच पानात असते.

5. मी मराठी माध्यमातली. इंग्रजी झेपेल काय?

झेपेल. या कादंबऱ्यांची भाषा बहुधा सोपी असते, संवाद भरपूर असतात, आणि तेच शब्द परत परत येतात. पहिली पन्नास पानं जड जातात, मग डोळा सरावतो. प्रत्येक शब्दाला मोबाईल उघडू नका. एखादा शब्द तिसऱ्यांदा आडवा आला तरच बघा. आणि लेखकाने स्वतः बनवलेले शब्द (जादूचे प्रकार, राज्यांची नावं) कुठल्याच शब्दकोशात मिळणार नाहीत. ते इंग्रजी माध्यमवाल्यांनाही येत नसतात, ते फक्त कबूल करत नाहीत.

6. ताई, नावंच लक्षात राहून नाही राहिली. कोण कोणाचा भाऊ?

लग्नपत्रिका घ्या. घरात पडलेली असतेच. जाड कागद, मागची बाजू कोरी, आकार पुस्तकात बसणारा. मागे वंशावळ काढत जा आणि तीच खूण म्हणून वापरा. आमच्या गटातल्या एका काकूंच्या पत्रिकेवर पुढे "चि. सौ. कां." आणि मागे चार व्हॅम्पायर घराणी, त्यातल्या मेलेल्यांच्या नावावर फुली, मरून परत आलेल्यांच्या फुलीभोवती गोल. याहून चांगली पद्धत मला माहीत नाही.

उच्चारांची चिंता सोडा. परीलोकातली नावं बरीचशी आयरिश-वेल्श वळणाची असतात, लिहितात एक आणि म्हणतात भलतंच. तुम्हाला जमेल तसं म्हणा. सुरुवातीचा नकाशाही पाठ करायची गरज नाही. गोष्टीत प्रवास सुरू झाला की मागे येऊन एकदा बघा.

7. मालिकेतलं कुठलं पुस्तक आधी वाचायचं?

ज्या क्रमाने प्रसिद्ध झाली त्याच क्रमाने. नंतर लिहिलेलं, पण आधीच्या काळात घडणारं पुस्तक असेल तर ते आधी वाचायचा मोह होतो. आवरा. त्यात लेखकाने पुढची गुपितं तुम्हाला माहीत आहेत असं धरून लिहिलेलं असतं.

मात्र मालिका दोन जातींच्या असतात. एकीत तीच जोडी सगळ्या भागांत पुढे चालते. तिथे क्रम मोडलात तर काहीच कळणार नाही. दुसरीत दर पुस्तकात नवी जोडी असते, आणि मागची जोडी लग्न होऊन पाहुण्यासारखी डोकावते. तिथे मधूनच उचललंत तरी चालतं, फक्त कोणाचं कोणाशी जमलं हे आधीच कळेल.

8. आमच्या पुस्तकातला व्हॅम्पायर भरदिवसा फिरून राहिला. ही चूकच ना?

नाही. 1897 च्या ड्रॅक्युला कादंबरीत काउंट (तोच तिथला व्हॅम्पायर) दिवसाही लंडनमध्ये वावरतो, फक्त त्याच्या शक्ती तेव्हा मर्यादित असतात. उन्हाने व्हॅम्पायर मरतो ही कल्पना 1922 च्या नोस्फेरातू या जर्मन मूकपटाने रूढ केली. आरशात प्रतिबिंब नसणं, सावली नसणं, बोलावल्याशिवाय घरात येता न येणं, हे मात्र कादंबरीत आहे. (सावली नसणं वाचून दमयंती आठवली की नाही?)

म्हणजे नियम प्रत्येक लेखक आपापले ठरवतो. विचारायचं एवढंच, की ठरवलेला नियम तो स्वतः पाळतो का. पहिल्या भागात ऊन बाधत होतं आणि तिसऱ्या भागात समुद्रकिनाऱ्यावर मधुचंद्र, मधे काही खुलासा नाही, तर तक्रार रास्त आहे. बाकी आपल्याकडच्या मे महिन्यात व्हॅम्पायर काय, आम्हीही सूर्य मावळल्यावरच बाहेर पडतो.

9. "नियतीनेच बांधलेली जोडी" असं सारखं येतं. नायिकेला कोणी विचारत काऊन नाही?

गटात सगळ्यात जास्त भांडण यावरच होतं, आणि व्हायलाच पाहिजे.

या कादंबऱ्यांमध्ये, विशेषतः लांडग्यांच्या, एक ठरलेली कल्पना आहे: वास आला, नजर भिडली, आणि दोघं जन्मभरासाठी जखडली गेली. लेखकाला ती फार सोयीची, कारण "प्रेम का झालं" हे सांगावंच लागत नाही. आमच्यातल्या काही जणींना ती आवडते. शोधाशोध नाही, नकार नाही, पत्रिका आधीच जुळलेली. दुसऱ्या म्हणतात, कांदेपोह्यांना निदान मुलीला बोलू तरी देतात.

माझं मत सांगते. बंध असायला हरकत नाही, पण तो नाकारता येतो की नाही, ही त्या गोष्टीची अट मानून वाचा. नाकारता येत असेल, नाकारल्यावर दोघांनाही काहीतरी सोसावं लागत असेल, आणि तरी ती विचार करून हो म्हणत असेल, तर गोष्टीत दम आहे. नळाच्या गोष्टीत तर नळ स्वतःच देवांचा निरोप्या होऊन येतो, देवांपैकी एकाला निवड म्हणून सांगतो, आणि दमयंती त्याच्या तोंडावर नाही म्हणते. जिथे नायक मंतरून, संमोहनाने किंवा कोंडून ठेवून "प्रेम" मिळवतो आणि लेखक त्याला रोमँटिक म्हणतो, तिथे पुस्तक मिटायला मला वेळ लागत नाही. एवढंच, की वाईट वागणूक दाखवणं वेगळं आणि तिची भलामण करणं वेगळं. पुस्तक कोणाच्या बाजूने उभं आहे ते शेवटापर्यंत बघून मग भांडा.

10. नायक तीनशे वर्षांचा, नायिका एकोणीसची. हे विचित्र नाही वाटत?

वाटतं. लेखकालाही वाटायला हवं. तीनशे वर्षं जगलेल्या माणसाने निदान चार माणसं गमावलेली असतात, भाषा बदललेली बघितलेली असते, त्याला कंटाळा ठाऊक असतो. हे कुठेच न दिसता तो पंचविशीतल्या रागीट पोट्ट्यासारखा वागत असेल, तर ती तीनशे वर्षं फक्त कव्हरवर आहेत. ती म्हातारी होणार आणि तो नाही, हा प्रश्न पुस्तक कसा सोडवतं ते बघा. तीच तिथली अट (प्रश्न 3).

11. मुलगी नववीत आहे. वाचू देऊ का?

पुस्तक कोणत्या वयासाठी आहे ते बघून. किशोरांसाठीच्या आणि मोठ्यांसाठीच्या कादंबऱ्यांची कव्हरं आजकाल सारखीच दिसतात, तीच फुलं, तीच तलवार, तोच मुकुट. आतला फरक मोठा असतो. मोठ्यांसाठीच्यात शरीरसंबंधांची सविस्तर, उघड वर्णनं असतात, हिंसाही. बऱ्याच पुस्तकांत सुरुवातीलाच लेखकाची सूचना असते, ती आधी वाचा. नसेल तर पुस्तकाचा मधला आणि शेवटून तिसरा भाग चाळा, बहुतेक वेळा तिथेच कळतं.

हिसकावून घेऊ नका, मोबाईलवर मिळतंच. त्यापेक्षा स्वतः वाचा आणि तिच्याशी प्रश्न 9 वर बोला. नववीतल्या मुलीशी होकार-नकारावर बोलायला याहून सोपं निमित्त मिळणार नाही.

12. कव्हरवर उघड्या अंगाचा माणूस आहे. सासूबाईंसमोर कसं वाचू?

शाळेच्या वह्यांना घालायचो तसं खाकी कव्हर घाला. वर "पाककृती" लिहू नका, मग त्या मागून घेतात.

13. रात्री एकदा उघडलं की दोन वाजतात. आजी म्हणते, रात्री भुताखेताचं वाचू नये.

भुतामुळे कोणी जागत नाही, प्रकरणाच्या शेवटामुळे जागतो. प्रत्येक प्रकरण दाराची कडी वाजताना किंवा कोणीतरी "मला तुला काहीतरी सांगायचं आहे" म्हणताना संपवायचं, ही या लेखकांची कलाच आहे. म्हणून प्रकरण संपवून थांबायचं नाही. पुढच्या प्रकरणात दोन-तीन पानं जा, ती कडी कोणी वाजवली ते कळू द्या, आणि वर्णनाच्या परिच्छेदात खूण ठेवा. झोप येते.

14. बर्डीवर दीडशेत मिळालं. घरी आल्यावर मधली पानंच नाहीत! पीडीएफ मिळेल का?

पीडीएफ आमच्याकडे मागू नका. लेखक हयात आहेत, त्यावरच जगतात, आणि आपल्या कायद्याने लेखकाच्या मृत्यूनंतरही साठ वर्षं हक्क राहतो. जुनी पुस्तकं मात्र मोकळी आहेत. ड्रॅक्युलाचा लेखक 1912 मध्ये गेला, त्याची कादंबरी प्रोजेक्ट गुटेनबर्ग या संकेतस्थळावर फुकट आणि रीतसर मिळते.

आता पानांचं. पुस्तक फर्म्यांमध्ये छापलं जातं, सोळा किंवा बत्तीस पानांचा एक फर्मा. बांधताना एखादा राहिला की सोळा-बत्तीस पानं सलग गायब होतात, किंवा तोच फर्मा दोनदा येतो. स्वस्त चोरट्या प्रतींमध्ये हे नेहमीचं. दुकानातच उभं राहून पानांचे आकडे भराभर बघा. कागद वर्तमानपत्रासारखा हलका, छपाई पुसट, कडेचा समास एकीकडे खेचलेला, असं दिसलं की प्रत चोरटी आहे. कोणीतरी वाचून विकलेली खरी जुनी प्रत मात्र जरूर घ्या. तिच्यात कधी कधी आधीच्या वाचकाने काढलेली वंशावळही मिळते.

15. उन्हाळ्यात पुस्तकाची पानं वाकडी-तिकडी काऊन होतात?

कूलर. थेट कूलरच्या झोतात बसून वाचलं की दमट हवेने पानांना लाटा येतात, आणि जाड पुस्तक मग नीट मिटत नाही. झोताच्या बाजूला बसा. वाचून झालं की पुस्तक आडवं ठेवून वर वजन ठेवा. नवतपात (मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) पुस्तक बंद गाडीत विसरू नका, पाठीचा गोंद सैल होतो आणि पानं सुटायला लागतात. ई-रीडरलाही तिथे ठेवू नये. सातशे पानांची पाठ पहिल्याच दिवशी मागे मोडू नका, आधी पुढून थोडी, मागून थोडी अशी उघडत न्या.

16. अर्ध्यात सोडलं तर चालते का?

चालते. अट कळली आहे, ती एकदा मोडूनही झाली आहे, आणि तरी तुम्हाला काही वाटलं नाही, तर पुढे वाटणार नाही. अट कळायच्या आधीच सोडत असाल तर थोडं थांबा. लढायांची वर्णनं मी स्वतः भरभर उलटते. प्रेमिकांची भांडणं मात्र उलटू नका, पुढचं सगळं त्यातूनच येतं.

17. मराठीत असं काही आहे का?

जवळपासचं आहे, नेमकं हेच फार थोडं. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांच्याकडे अद्भुत भरपूर, पण ओढा भयाकडे आणि गूढाकडे. अनंत अंतरकरांच्या "नवल"चे जुने दिवाळी अंक सापडले तर सोडू नका. प्रतिलिपी या वाचनाच्या ॲपवर मराठीत भागाभागाने चालणाऱ्या अशा प्रेमकथा आहेत. दर्जा वरखाली, पण काही लेखिका आपल्याच गावातल्या मुंज्याला आणि जखिणीला नायक-नायिका करतात, ते मला उसन्या व्हॅम्पायरपेक्षा जास्त रुचतं. ऐकायचं असेल तर स्टोरीटेलवर मराठी पुस्तकं आहेत. पोळ्या लाटताना ऐकायला छान.

18. जादूटोणाविरोधी कायद्यात अशी पुस्तकं येतात का?

हसू नका, हा प्रश्न खरंच आला आहे, आणि एकदा नाही. महाराष्ट्राचा 2013 चा कायदा नरबळी, अघोरी प्रथा आणि अंगात शक्ती असल्याचं सांगून लोकांना फसवणं यांच्या विरोधात आहे. कादंबरी वाचणं त्यात येत नाही. पुस्तकातला वशीकरणाचा मंत्र कोणी पैसे घेऊन खरा म्हणून विकायला लागला, तर मात्र पोलिसांत जा.

19. मी शेवटचं पान आधीच वाचते. गटात चालेल?

वाचा की. दोघं एकत्र येणार हे तसंही ठरलेलं आहे (प्रश्न 1), कसं येतात तेवढंच बघायचं उरतं. फक्त गटात तोंड उघडू नका. कोण मरून परत येतो हे मागच्या बैठकीत एकाने पोहे खाता खाता सांगून टाकलं, आणि तर्री उरलेल्यांनी त्याला मिळू दिली नाही.